जर्मन कादंबरी इतर युरोपीय कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचायची आहे : कोणती निवडावी?

ऋतुगंध :
नमस्कार. आमचा सहा जणांचा वाचनगट आहे. एक जर्मन कादंबरी आणि त्याच विषयावरच्या दोन अन्य युरोपीय कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात, असे आम्ही ठरवले आहे. जर्मन आमच्यापैकी एकालाच येते. बाकीच्यांची भिस्त इंग्रजी अनुवादावर आहे. 'फाउस्ट' आणि 'डॉक्टर फॉस्टस' ही जोडी विचारावे तो सुचवतो, परंतु ती आमची वाचून झाली आहे. कृपया दुसरे काही सुचवावे.

जुना वाचक :
थिओडोर फोंटाने यांची 'एफी ब्रीस्ट' (1895) घ्यावी आणि तिच्यासोबत फ्लोबेर यांची 'मादाम बोव्हारी' (1857) व टॉलस्टॉय यांची 'अ‍ॅना कॅरेनिना' (1878) वाचावी. तिन्हींत विवाहित स्त्रीचे विवाहबाह्य प्रेम आणि अखेर तिचा मृत्यू आहे, म्हणून ही त्रयी नेहमीच एकत्र नेमली जाते. चर्चाही मग ठरल्याप्रमाणे तीन नायिकांभोवती फिरत राहते. माझी सूचना अशी, की आपण नायिका बाजूला ठेवून तिघींच्या नवऱ्यांकडे पाहावे. जर्मन कादंबरीचे वेगळेपण तिथेच अधिक स्पष्ट दिसते.

शार्ल बोव्हारीला त्याची बायको एमा हिच्या प्रियकरांची पत्रे तिच्या मृत्यूनंतर सापडतात. पुढे त्यांपैकी एकाशी गाठ पडते, तेव्हा शार्ल त्या प्रियकरासमोर बसून सारा दोष नशिबाला देतो. अ‍ॅनाचा नवरा कॅरेनिन याच्या मनात द्वंद्वयुद्धाचा विचार येतो, पण पिस्तुलाची त्याला मुळातच भीती वाटते आणि ते टाळण्यासाठी तो स्वतःला सुसंगत कारणे देत जातो. याउलट एफीचा नवरा इन्श्टेटेन. घरात मुलगी जिन्यावर पडते, कपाळाला खोक पडते, पट्टी शोधण्यासाठी नोकराण्या एफीचे शिवणाचे मेज उचकटतात आणि तिचा प्रियकर मेजर क्राम्पास याच्या पत्रांचे तांबड्या दोऱ्याने बांधलेले पुडके बाहेर येते. ते प्रकरण संपून सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला आहे. आपल्याला द्वेष वाटत नाही, सूडाची तहान नाही आणि बायकोवर अजूनही प्रेम आहे, असे तो आपल्या मित्राला, व्ह्यूलर्सडोर्फला, स्वच्छ सांगतो; आणि तरीही द्वंद्वयुद्धाला जातो व क्राम्पासला ठार मारतो. त्यामागचे त्याचे कारण तर विलक्षण आहे : व्ह्यूलर्सडोर्फला बोलावणे धाडले त्याच क्षणी गोष्ट आणखी एका माणसाला ठाऊक झाली, आणि आता माघार नाही. प्रतिष्ठेची ही उपासना म्हणजे मूर्तिपूजाच आहे, पण मूर्ती जोवर मानली जाते तोवर तिच्यापुढे वाकावे लागते, हे व्ह्यूलर्सडोर्फलाही मान्य आहे. प्रशियन नोकरशाहीच्या त्या जगात माणसे दुष्ट नाहीत, आणि नेमके तेच अंगावर येते. गटात चर्चेसाठी हे प्रकरण मोठ्याने वाचावे.

निळावंती :
निवड उत्तम आहे, मात्र नायिका बाजूला ठेवण्याशी मी सहमत नाही. अ‍ॅना आणि एफी या दोघींची आपल्या मुलांशी होणारी भेट शेजारी ठेवून पाहावी. अ‍ॅना मुलाच्या वाढदिवशी पहाटे चोरून घरात शिरते. आई मेली असे त्याला सांगितलेले असूनही तो तिच्या गळ्यात पडतो, आणि आदल्या दिवशी त्याच्यासाठी निवडून घेतलेली खेळणी देण्याचे राहून जाऊन ती तशीच परत घेऊन येते. एफीची भेट रीतसर परवानगीने ठरते, पण मुलगी प्रत्येक प्रश्नाला 'हो नक्की, मला परवानगी असेल तर' हेच पढवलेले उत्तर देते. त्या पोरीच्या तोंडून इन्श्टेटेनच बोलत असतो. म्हणजे नवऱ्याला समजून घ्यायचे तरी वाट या दृश्यातूनच जाते.

वाचकांना आधीच एक सूचना द्यावी : फोंटाने प्रेमप्रकरण दाखवतच नाहीत. बर्फातल्या घसरगाडीतून परततानाचे हातावरचे चुंबन आणि त्यानंतर 'फिरायला' म्हणून वाढलेली एफीची चक्करे, एवढेच मिळते. आमच्या ओळखीत दोघांनी 'काही घडतच नाही' म्हणून अर्ध्यावर पुस्तक सोडले, ते याचमुळे.

ऋतुगंध :
दोघांचेही मनापासून आभार. क्रम कसा असावा, आणि कोणता अनुवाद घ्यावा?

जुना वाचक :
निळावंती यांचा मुद्दा मला मान्य आहे. ते 'पढवलेले' उत्तर माझ्या नजरेतून निसटले होते. अनुवाद ह्यू रॉरिसन आणि हेलन चेंबर्स यांचा घ्यावा. प्रथम 'बोव्हारी' वाचावी, 'अ‍ॅना'ला दोन महिने द्यावेत आणि 'एफी' शेवटी ठेवावी, म्हणजे न दाखवलेल्या जागा वाचक आपोआप भरू लागतो. जर्मन येणाऱ्या सदस्याने एफीच्या वडिलांचे 'फार मोठे मैदान आहे हे' अशा अर्थाचे पालुपद मुळातूनच वाचून दाखवावे. अडचणीचा प्रश्न आला की म्हातारा तेच म्हणतो आणि कादंबरीही त्याच शब्दांवर संपते. जाता जाता, क्राम्पासच्या बाजूने द्वंद्वयुद्धाला उभ्या राहणाऱ्या साक्षीदाराचे आडनाव बुडेनब्रोक आहे, तेही टोमास मान यांच्या 'बुडेनब्रोक्स' या कादंबरीच्या सहा वर्षे आधी. पुढची मालिका तिथून सुरू करता येईल.