‘जनता म्हणते’ म्हणजे नेमकं कोण म्हणतं?

शंकासूर

"सर्वसामान्य जनतेची भावना अशी आहे की..." असं कुणी बोलायला लागलं की मी आधी विचारतो, तुमचे सभासद किती? उत्तर सहसा येत नाही. नाव मात्र भारदस्त असतं: अखिल अमुक महासंघ, तमुक नागरिक मंच, ढमुक कृती समिती. लेटरहेडवर अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि बैठकीलाही तेच तिघे.

लंडनच्या टूली स्ट्रीटवरच्या तीन शिंप्यांचा किस्सा इंग्रजीत पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. त्यांनी म्हणे पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि त्याची सुरुवात होती "आम्ही, इंग्लंडची जनता". किस्सा सांगोवांगीचा असेल, पण त्यांचे वारस ठणठणीत आहेत आणि आता त्यांच्या हाती संगणक आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर हे बघा. २०१७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं असे, नियम मागे घेण्याआधी लोकांचं म्हणणं मागवलं. सुमारे २ कोटी २० लाख अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरल कार्यालयाने २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल दिला, त्यात जवळपास १ कोटी ८० लाख बनावट निघाले. ८५ लाखांच्या वर अभिप्रायांमागे ब्रॉडबँड उद्योगाने पैसे पुरवलेली मोहीम होती. आणि दुसऱ्या बाजूने? कॉलेजात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाने एकट्याने ७७ लाख पाठवले. दोन्हीकडून ‘जनता’ बोलत होती, आणि खऱ्या माणसाने लिहिलेलं पत्र त्या ढिगात कुठे गेलं कोण जाणे.

सर्वेक्षणं ही याचीच सुटाबुटातली आवृत्ती आहे, असं माझं मत. हजार जणांना विचारायचं आणि मथळा द्यायचा, ‘देशातल्या बासष्ट टक्के लोकांना वाटतं...’ मला कुणी कधी विचारलं नाही. तुम्हाला?

नमुनादाखल

शेवटच्या परिच्छेदात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. अभिप्राय आपण होऊन पाठवतात ती माणसं त्यांची त्यांनी निवडलेली असतात. नीट केलेल्या सर्वेक्षणात माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. तुमचा सगळा राग पहिल्या प्रकारावर आहे, आणि तो रास्त आहे. दुसऱ्याला का झोडपताय?

१९३६ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक घ्या. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या आणि निष्कर्ष निघाला की रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलपने त्यांच्या मानाने चिमूटभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या होत्या, शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी रूझवेल्टवर चिडलेल्यांनीच जास्त घेतली. याद्या एकांगी असल्या की आकडा वाढवून काही साधत नाही.

हा जुना काळ म्हणाल, तर २०२१ चं उदाहरण आहे. अमेरिकेत करोनाची लस किती जणांनी घेतली याचा अंदाज फेसबुकवरून घेतलेल्या एका सर्वेक्षणाने बांधला. आठवड्याला अडीच लाख उत्तरं यायची. मे महिन्यात त्यांचा आकडा सरकारी नोंदीपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होता. त्याच वेळी जेमतेम हजार माणसं घेऊन, पण काळजीपूर्वक निवडून केलेलं दुसरं सर्वेक्षण खऱ्या आकड्याच्या बरंच जवळ होतं.

"मला कुणी विचारलं नाही" हा तर युक्तिवादच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, शिताला तक्रार करायचा हक्क नसतो :) यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या, निवडीतले हजार जण असतील तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरून चालता येतं, मग लोकसंख्या एक कोटी असो की शंभर कोटी.

शंकासूर

शितं आपण होऊन भांड्याबाहेर उड्या मारत नाहीत, माणसं मारतात. प्यू या संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये शंभरातली ३६ माणसं उत्तर द्यायची, २०१८ मध्ये ६. हे त्यांनीच जाहीर केलेले आकडे आहेत. उरलेल्या ९४ जणांचं काय? चिठ्ठ्या तुम्ही प्रामाणिकपणे टाकल्या हो, पण शेवटी बोलला तोच ज्याला बोलायचं होतं. म्हणजे पुन्हा आपण होऊन आलेलेच! आणि तुमच्या ‘तीन टक्क्यां’त हे ९४ कुठेच धरलेले नसतात. वर्तमानपत्रातल्या चौकटीत तळाला बारीक अक्षरात ते तीन टक्के छापलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, चूक झालीच तर एवढीच होईल.

नमुनादाखल

तीन टक्क्यांबद्दल मान्य. तो आकडा फक्त चिठ्ठीच्या नशिबाचा हिशेब असतो, बाकीच्या चुका त्यात येत नाहीत, आणि हे ठळक छापायला हवं.

पण ९४ जण गप्प बसले म्हणून निकाल चुकलाच असं होत नाही. गप्प बसणारे आणि बोलणारे यांची मतं ज्या प्रश्नावर वेगळी असतात, तिथेच चुकतो. प्यूनेच हे तपासलं. पक्षीय कल वगैरे बाबतीत फारसा फरक पडला नाही. स्वयंसेवी काम करणारे, सार्वजनिक कामात भाग घेणारे लोक मात्र नमुन्यात प्रमाणाबाहेर आले. जो लष्कराच्या भाकऱ्या भाजतो तोच फोनवर वीस मिनिटं देतो, हे तसं समजण्यासारखं आहे. मुद्दा असा की सर्वेक्षणाची खोट मोजता येते. तुमच्या कृती समितीची कशी मोजणार?

मधली_ओळ

तुम्ही दोघेही माणसं कशी निवडली यावर भांडताय. मी काही काळ प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरले आहे, मला विचाराल तर घोळ प्रश्नातच असतो. माणूस दारात उभा, आत टीव्ही चालू, आणि मी विचारते, "अमुक धोरणाबद्दल आपण समाधानी, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी की असमाधानी आहात?" धोरणाचं नाव त्याने पहिल्यांदा ऐकलेलं असतं. पण दारात आलेल्या बाईसमोर अडाणी कोण दिसेल? "काहीसे समाधानी," असं म्हणून मोकळा. मी खूण करते. संध्याकाळी ते जनमत होतं. ‘माहीत नाही’ या रकान्यात जास्त खुणा आल्या की आमचे वरिष्ठ नाराज व्हायचे, तेव्हा तो पर्याय मोठ्याने वाचायचा नाही असं आम्हाला तोंडी सांगितलेलं होतं.

हा माझ्याच नशिबाचा भाग म्हणावा, तर यावर संशोधनही झालेलं आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी लोकांना ‘१९७५ च्या पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट’बद्दल मत विचारलं. असा कायदाच नव्हता. सुमारे एक तृतीयांश लोकांनी तरीही मत दिलं!

शब्दांचंही तेच. १९४१ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे. अर्ध्यांना विचारलं, लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का?’ उरलेल्यांना, अशा भाषणांवर ‘बंदी घालावी का?’ परवानगी नको म्हणणारे बंदी घाला म्हणणाऱ्यांपेक्षा वीसेक टक्क्यांनी जास्त निघाले. आता सांगा, जनमत यातलं कुठलं?

खडूफळा

मधली_ओळ यांना +१. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७२ मध्ये व्याख्यानच दिलं होतं की सर्वेक्षणवाले म्हणतात तसं जनमत अस्तित्वात नसतं. प्रत्येकाला प्रत्येक विषयावर मत असतं, सगळ्या मतांचं वजन सारखं असतं, आणि कुठले प्रश्न विचारण्याजोगे आहेत याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, अशी तीन गृहीतकं कुणालाही प्रश्न विचारण्याआधीच मानलेली असतात. मला तिसरं सगळ्यात धोक्याचं वाटतं. धरण बांधायचं की नाही हे विचारायचंच नाही, उंची किती ठेवायची एवढंच विचारायचं. मग टक्केवारी कितीही प्रामाणिक असू दे, काय उपयोग?

एकांडा_शिलेदार

मी शंकासुराच्या पहिल्या पोस्टवर परत जातो, कारण तिथे संघटनांना फुकट शिव्या बसल्यात. संघटनेचं म्हणणं बहुमताचं असावं हा आग्रह कशाला? १९६१ मध्ये अमेरिकेत फ्रीडम रायडर्स दक्षिणेतल्या बसमधला वर्णभेद मोडायला निघाले. गॅलपने लोकांना विचारलं. २२ टक्के पाठिंबा, ६१ टक्के विरोध. तुमचा निकष लावला असता तर त्यांनी बसमधून उतरून घरी जायला हवं होतं. आकडा बरोबर होता, नमुना बरोबर होता, प्रश्नही सरळ होता, आणि तरी त्या आकड्याने काय करायचं हे ठरत नव्हतं.

शंकासूर

अहो, पण त्यांनी "सगळी अमेरिका आमच्यामागे आहे" असा दावा नव्हता केला! ते म्हणाले, हे अन्यायाचं आहे आणि कोर्टाच्या निकालांविरुद्ध आहे. तिथे डोकी मोजायचा प्रश्नच येत नाही. माझं भांडण आहे ते न्यायाची बाजू मांडता येत नाही म्हणून बहुमताचा आव आणणाऱ्यांशी. मूठभर असाल तर मूठभर म्हणून बोला की. तुम्ही बरोबरही असाल.

नमुनादाखल

मग सर्वेक्षणच तुमच्या कामाचं आहे. सिडनी व्हर्बा या राज्यशास्त्रज्ञाचा मुद्दा होता की सभांना जाणारे, पत्रं लिहिणारे, देणग्या देणारे लोक जास्त शिकलेले आणि जास्त पैसेवाले असतात, सर्वेक्षण मात्र बाकीच्यांना शोधत जातं. मधली_ओळ ज्या दारात उभ्या राहिल्या त्या दारातला माणूस कुठल्या महासंघाच्या बैठकीला जाणार होता? त्याचं ‘काहीसे समाधानी’ तकलादू असेल, पण तेवढंही कुणी विचारायला येत नाही.

मधली_ओळ

ते खरं आहे. काही जण प्रश्न संपल्यावरही जाऊ द्यायचे नाहीत. खरं काय ते तेव्हा बोलायचे, आणि त्याला फॉर्मवर जागा नसायची.

शंकासूर

आता दारात तरी कोण जातं? बरीच स्वस्त सर्वेक्षणं इंटरनेटवर, किरकोळ मोबदला देऊन होतात. प्यूनेच २०२४ मध्ये दाखवलं की अशा पॅनेलमधल्या तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना असल्याचं सांगितलं. दिसेल त्या चौकटीत ‘हो’ दाबत सुटायचं आणि पैसे घ्यायचे. शिवाय पैसे देणारा पक्ष किंवा कंपनी तीन सर्वेक्षणं करून घेते आणि सोयीचं एकच छापते. दोन कपाटात. ती खोट कशी मोजणार, सांगा.

नमुनादाखल

पाणबुडीवाले एका सर्वेक्षण संस्थेनेच पकडले, एवढं लक्षात असू द्या. कपाटाबद्दल मात्र उत्तर सोपं आहे: औषधांच्या चाचण्यांची आधी नोंदणी करावी लागते तशी सर्वेक्षणांची करा. प्रश्न, नमुना, पैसे कुणाचे, सगळं आधी जाहीर. आणि हाच नियम संघटनांनाही लावा. सभासद किती, ठराव कुठल्या बैठकीत झाला, मतदान झालं का.

एकांडा_शिलेदार

इथे जपून. १९५० च्या दशकात अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती. यादी दिली असती तर माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, कदाचित जीवही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यादी देण्याची सक्ती करता येणार नाही. पारदर्शकता ही मागणी सत्तेच्या तोंडून आली की तिचा रंग बदलतो.

शंकासूर

नावं कोण मागतंय? आकडा द्या. दोनशे असाल तर दोनशे लिहा. दोनशेंचं म्हणणं मी वाचेन. कोटींच्या वतीने आलेलं दोनशेंचं पत्र वाचणार नाही.

एकांडा_शिलेदार

तुम्ही वाचाल हो. दोनशे असं खरंखुरं लिहिलेलं पत्र कुठला मंत्री उघडतो, तेवढं सांगा.