विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी: गुडघेदुखी असेल तर जमेल का?

सातपुडा: दिवाळीच्या सुट्टीत विशाखापट्टणम. आर. के. बीचवरची आयएनएस कुरसुरा बघायची आहे. सोबत सासूबाई (वय ७०, गुडघ्यांचा त्रास) आणि पाच वर्षांचा मुलगा. आत किती वाकावं लागतं?

डोलकाठी: लांबी ९१ मीटर, त्यामुळे चालणं फारसं नाही. अडचण दारांची. आत ७ कप्पे, मधल्या पोलादी भिंतींना गोल दारं, खालची कड जमिनीपासून बरीच वर. आधी एक पाय पलीकडे टाकायचा, मग डोकं आणि खांदे वाकवून आत, दुसरा पाय शेवटी. डोकं आधी घातलं की कपाळमोक्ष! रांग एकाच दिशेने सरकते, अर्ध्यातून मागे फिरणं अवघड. सासूबाईंना बाहेरूनच दाखवा. मुलगा मात्र सहज जाईल. पाठीवरची सॅक नको, सोमवारी बंद.

खलाशी_नं_१: घाईत तिसरा कप्पा हमखास निसटतो. पेरिस्कोप, खोलीमापक, झडपांची चाकं सगळं तिथेच, म्हणून थांबा आणि गाईडला विचारा. बरेचसे गाईड नौदलातले निवृत्त असतात, नुसती पाठ केलेली माहिती सांगत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात बॅटऱ्या पायाखाली, फरशीच्या आत. पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, सहाव्यात विजेच्या मोटारी. डिझेलला हवा लागते, म्हणून ते पाण्यावर किंवा हवा घ्यायची नळी (स्नॉर्केल) पाण्याबाहेर काढून चालवायचं आणि बॅटऱ्या भरायच्या. खोल पाण्यात फक्त मोटारी. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे ६, मागे ४. शेवटच्या कप्प्यात त्या नळ्यांशेजारीच खलाशांच्या झोपायच्या फळ्या आहेत, त्या मुलाला दाखवा.

सातपुडा: ही टिकली, मग मुंबईची विक्रांत का नाही?

डोलकाठी: जुनी विक्रांत संग्रहालय झाल्यावरही पाण्यातच उभी होती. तरंगत्या जहाजाचा तळ खारं पाणी खात राहतं, ठरावीक काळाने गोदीत घेऊन पत्रे बदलावे लागतात. एवढ्या मोठ्या विमानवाहू नौकेला तो खर्च पेलणारं कोणी मिळालं नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेसाठी प्रेक्षकांना बंद, २०१४ मध्ये भंगारात. कुरसुरा २००१ मध्ये निवृत्त झाली, वाळूवर ओढून काँक्रीटच्या पायावर बसवली आणि २००२ पासून खुली आहे. गंज खाऱ्या वाऱ्याने तिलाही चढतोच, पण रंगारी शिडी लावून तळापर्यंत पोहोचू शकतो.

खलाशी_नं_१: रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे. तुम्ही पाणबुडीत असताना सासूबाईंना तिथल्या प्रदर्शन दालनात बसवता येईल. आणि स्लीपर घालू नका, पोलादी पत्र्यावर घसरतात.