धरणांच्या खोलीची तुलना कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी 'आपली धरणं' असा फलक करतोय. टीएमसीचे (अब्ज घनफूट, म्हणजे पाणीसाठ्याचे) आकडे ढिगाने मिळाले. पण मुलं विचारणार "खोल किती?", आणि घोडं तिथंच अडलंय.

भिंतीची उंची धरावी, तर ती पायाच्या सर्वांत खालच्या जागेपासून मोजलेली असते. कोयनेची १०३ मीटर, पण तेवढं पाणी काही उभं राहत नाही. पेपरातली पातळी (कोयना २१६३ फूट, जायकवाडी १५२२ फूट) समुद्रसपाटीपासूनची. तळ कुठे आहे ते कुणी छापत नाही!

शेवटी साठ्याला पाणपसाऱ्याने भागलं. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). कोयना १०५ टीएमसी, पसारा सुमारे ११५ चौ. किमी, म्हणजे सरासरी २६ मीटर. जायकवाडी १०२ टीएमसी, पसारा तब्बल ३५० चौ. किमी, म्हणजे जेमतेम सव्वाआठ मीटर! साठा जवळपास तेवढाच. एक डोंगरांच्या बेचक्यात, दुसरं परातीसारखं पसरट. फ्लेमिंगो नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) काठाने पाण्यात उभे दिसतात ते उगाच नाही.

आता अडचणी:

१) भिंतीजवळची कमाल खोली कशी काढायची?

२) उजनीच्या ११७ टीएमसीतला ६३ मृत साठा (दारांच्या पातळीखालचं, सहज सोडता न येणारं पाणी). उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेलं तरी पाणी असतंच. मग खोली कुठल्या दिवसाची धरू?

३) लोणार घ्यावं का? विवर शंभर मीटरहून जास्त खोल, पाणी मात्र काही मीटरच.

---

उत्तर:

सर, धरणाच्या तांत्रिक तपशिलाच्या तक्त्यात नदीतळाची पातळी असते. पूर्ण संचय पातळीतून (धरण पूर्ण भरल्यावरची पातळी) ती वजा करा, भिंतीजवळची खोली मिळेल. मात्र ती बांधकामावेळची. नंतर बसलेला गाळ त्यात धरलेला नसतो. नाशिकची 'मेरी' (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) गाळाचं सर्वेक्षण करते, अहवाल मिळाला तर तोच वापरा.

तुलना पूर्ण संचय पातळीलाच करा आणि तसं फलकावर लिहा. मृत साठा वगळू नका, पाणी तळापासूनच मोजायचं. लोणार वेगळ्या चौकटीत टाका; ते उल्केच्या आघाताने झालेलं, धरणांच्या रांगेत बसत नाही.

आणि सरासरी व कमाल खोली एकाच रकान्यात घालू नका. एखादं पोरगं नेमकं त्यावरच बोट ठेवेल.