वस्तरा गालावर मऊ चालतो, ओठावर आला की अडतो. धार लावताना काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

चार महिने झाले, वस्तऱ्याने दाढी करतोय. ब्लेड बदलायचा नव्हे, दुमडायचा खरा पोलादी. घेतला तेव्हा कुणीतरी जाणकाराने पाजळून दिला होता, तोवर मजेत होतो. ती धार उतरली, मी स्वतः दगड घेऊन बसलो आणि रडगाणं सुरू झालं.

माझ्याकडे १०००, ४००० आणि ८००० ग्रिटचे पाण्याचे दगड आहेत (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). १००० वर वीसेक फेऱ्या, पुढच्या दोन्हींवर पन्नास-पन्नास. मग धार घोटायचा पट्टा: कापडावर ३०, चामड्यावर ५०. हातावरचे केस पात्याच्या मधल्या भागाने सपासप उडतात. गालावर वस्तरा बरा चालतो. पण ओठावर आणि हनुवटीच्या खळगीत केस कापण्याऐवजी ओढतो, डोळ्यांत पाणी येतं. दाढीनंतर आग होते ती वेगळीच.

१२००० चा दगड घ्यावा म्हणतो. घेऊ का?

प्रतिसाद १

घ्या की. नाहीतर पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावा, दहा फेऱ्यांत धार मऊ चालायला लागते.

प्रतिसाद २

थांबा, खिशात हात घालू नका. ओठावर आणि खळगीत तुम्ही पात्याचा कोणता भाग वापरता?

धागाकर्ता

अर्थात टोकाचा. बाकीचं पातं तिथे मावतं कुठे?

प्रतिसाद २

मग रोग टोकाला आहे आणि तुम्ही औषध सगळ्या पात्याला शोधताय. गाल मधल्या भागाने होतो म्हणून तो कुरकुरत नाही. टोकाकडे धारेच्या दोन्ही बाजूंचे, दगडाने घासून झालेले उतार एकमेकांना भिडलेलेच नसावेत. ते भिडवायचं काम १००० च्या दगडाचं. ८००० काय नि १२००० काय, पोलाद इतकं कमी काढतात की न भिडलेली धार फक्त चकचकीत होते. आरशासारखी दिसते, कापत मात्र नाही.

धारेलगत दोन्ही बाजूंना काळा मार्कर फिरवा. १००० वर दोनच फेऱ्या मारा, वजन फक्त वस्तऱ्याचं. शाई कुठे उरते ते भिंगातून बघून इथे सांगा. पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड, दगडावरून उचलायची नाही बरं का. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळूनच कोन ठरतो, साधारण १६-१७ अंश. आपल्या अकलेला तिथे वाव नाही, हे किती बरं आहे!

प्रतिसाद ३

आग होते त्याबद्दल. पट्टा सैल धरता का? सैल पट्ट्यावर पातं झोळीत बसल्यासारखं बसतं आणि धारेची कड गोल होते. ताणून धरा. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. वळवताना पातं पाठीवर पालटा, धारेवर नको. मी पहिल्याच आठवड्यात पट्ट्याचा तुकडा उडवला होता, म्हणून सांगतोय. आणि दाढी करताना पातं गालापासून ३० अंशांच्या आसपासच ठेवा, उभं केलंत की खरवडणारच.

धागाकर्ता

पट्टा सैलच धरत होतो, कबूल. मार्करचं म्हणाल तर टोकाकडच्या जवळपास दोन सेंटीमीटरवर शाई जशीच्या तशी! दोन्ही बाजूंना. दगडात खळगा पडला असेल का?

प्रतिसाद २

दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या वॉटरप्रूफ पॉलिश पेपरवर पाणी घालून घासा. मधल्या रेघा शेवटपर्यंत टिकल्या तर खळगा आहे. पण त्या खळग्याने बहुधा पात्याचा मधला भाग अधांतरी राहतो, टोक नाही. मला वाटतं तुमची धारच किंचित कमानदार आहे. कागदावर सरळ रेघ मारून धार तिच्यावर धरून बघा, टेकवू नका.

कमान निघाली तर सरळ फेऱ्या बंद. फेरी टाचेकडून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाकडून, सुरू करा, पातं पुढे नेतानाच आपल्याकडे तिरकं ओढा, आणि ओढता ओढता टाच केसभर हलकी करा म्हणजे दगडाचा स्पर्श टोकाकडे सरकतो. पाठ मात्र दगडालाच. फेऱ्या मोजू नका. टोकाची शाई पुसली जाईपर्यंत आणि टोकानेही हातावरचे केस उडेपर्यंत १००० सोडायचा नाही. पुढच्या दगडांवर हाच हात.

धागाकर्ता

अपडेट: रेघेवर धरल्यावर कमान स्पष्ट दिसली, टोक वर उचललेलं. १००० वरच तास गेला. पहिल्या अर्ध्या तासात काहीच होत नव्हतं, कारण टाच हलकी करायच्या नादात मी पाठच उचलत होतो. शेवटी टोकानेही केस उडले. मग ४०००, ८००० आणि ताणलेला पट्टा. आज ओठ एका दमात झाला, ओढ नाही. १२००० चा बेत रद्द.

डाव्या हाताने करतो त्या गालावर अजून थोडी आग होते. धार तीच, म्हणजे हात चुकतोय ना? की पाठ उचलली गेली तेव्हा एका बाजूचा उतार बिघडला असेल?

प्रतिसाद ३

आधी तोच गाल उजव्या हाताने करून बघा. तरीही आग झाली तर पुन्हा मार्कर काढा.

धागाकर्ता

बघतो. पण परवा. उद्या दाढीला सुट्टी, गाल सोलवटलाय.