प्रतिसाद: इंग्रजीच्या तासाला होणारा गोंगाट

इंग्रजीच्या तासाला मराठी पूर्ण बंद केली की वर्ग आपोआप ताब्यात राहतो, हे आपले मत पहिली-दुसरीच्या मुलांना लागू पडेल असे मला वाटत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात असले, तरी मराठी माध्यमाच्या बहुतेक मुलांच्या कानांवर ती भाषा घरी पडत नाही. त्यामुळे सूचना कळली नाही की मूल शेजाऱ्याला विचारते, शेजारी मागच्याला, आणि आपण त्यालाच बेशिस्त म्हणतो. ‘स्टँड अप’, ‘ओपन युअर बुक्स’ अशा मोजक्या सूचना रोज त्याच शब्दांत द्याव्यात आणि शिक्षकाने आधी स्वतः ती कृती करून दाखवावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या, सूचना ऐकून कृती करत भाषा शिकण्याच्या पद्धतीचा गाभा हाच आहे. खेळाचे नियम मात्र खुशाल मराठीत सांगावेत. ते सांगून झाल्यावरच चित्रकार्डे वाटावीत, कारण कार्ड हाती आलेले मूल (प्रशिक्षणवर्गातले आपण शिक्षकही त्याला अपवाद नाही) पुढचे काहीच ऐकत नाही. समूहगीताचा आवाज शेजारच्या वर्गाला खुपत असेल, तर तेवढ्यापुरते मुलांना मैदानात न्यावे.