रक्तगट वडिलांचा एबी, आईचा ओ, मुलाचा मात्र ओ?

साध्या हिशेबाने असं होत नाही. आईकडून ओ जनुक येणार, वडिलांकडून ए किंवा बी; म्हणजे मूल ए किंवा बी गटाचं. पण तेवढ्यावरून पितृत्वावर शंका घेऊ नका, घरं मोडतात त्याने.

आधी नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करा. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवर ए-बी प्रतिजनं (गट ठरवणाऱ्या खुणा) कमकुवत असतात, तपासणीत पेशींचे पुंजके नीट बनत नाहीत आणि गट चुकीने ओ वाचला जातो. सीरमची (रक्तातल्या पेशीविरहित द्रवाची) उलट तपासणी, म्हणजे त्यातल्या प्रतिपिंडांवरून गट ओळखणं, हेही ४ ते ६ महिन्यांआधी भरवशाचं नाही, बाळाची स्वतःची प्रतिपिंडं तयार झालेली नसतात.

तरीही ओच आला तर अँटी-एच (एच प्रतिजन ओळखणारा द्राव) लावायला सांगा. १९५२ साली मुंबईत नोंदलेल्या बॉम्बे गटात ए आणि बी ज्यावर बनतात ते एच प्रतिजनच मुळात नसतं, त्यामुळे ए किंवा बी जनुक असूनही व्यक्त होत नाही. अँटी-एचला पेशी दाद देत नाहीत, सीरम मात्र ओ पेशींचेही पुंजके करतं. अशा व्यक्तीला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं, रक्त बॉम्बे गटाचंच लागतं. म्हणून ही चाचणी टाळू नका.

आरएचचं (गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं) वेगळं: दोन्ही पालक पॉझिटिव्ह, पण दोघांतही एकेक निगेटिव्ह जनुक असेल, तर प्रत्येक मूल निगेटिव्ह असण्याची शक्यता २५ टक्के.