मदत हवी आहे: कलगी-तुऱ्याचा सामना कुठं ऐकायला मिळेल?

मंडळी, आम्हा मित्रांना एकदा रात्रभर बसून भेदिक शाहिरी ऐकायचीय. हॉलमधले शाहिरीचे प्रोग्रॅम ऐकलेत, छान असतात पण त्यात बहुतेक पोवाडेच, आणि आम्हाला पाहिजे तो शक्तीला थोर मानणारे कलगीवाले अन् शिवाला थोर मानणारे तुरेवाले या शाहिरांचा समोरासमोरचा सामना, डफ-तुणतुण्यावर एकानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं गाण्यातच सोडवायचं, त्याची मजाच वेगळी. यूट्यूबवरची रेकॉर्डिंग ऐकून झाली, ओळखीच्यांना विचारलं तर सगळे म्हणतात ‘यात्रेत असतंय की’, पण कुठल्या गावच्या ते कुणी सांगंना. गाड्या आहेत, करवीर, पन्हाळा, कागल कुठंही येऊ. फक्त एका मित्राचे आजोबा बरोबर असणार, त्यांना खाली बसता येत नाही. तर अजून दोन्ही बाजूचे शाहीर उभे राहतात अशी नक्की कुठली यात्रा, आणि तिथं कडेला खुर्ची टाकून बसलं तर चालतंय का?